आडोसा

आमच्या गावाकडे वारा कुठून येतो, असं मला आजवर एकाच माणसानं विचारलं आहे. तेही खोली भाड्यानं देताना.

मी वाशीमकडची. हडपसरच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि बिबवेवाडीत एका दुमजली घराच्या गच्चीवरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून बघायला गेले. एका उंच, वाळक्या गृहस्थांनी दार उघडलं. त्यांनी नोकरी विचारली नाही, जेवणखाण विचारलं नाही, कोण येणार-जाणार तेही नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आपल्या गावाला वारा कुठून येतो?"

"सगळीकडूनच येत असेल," मी म्हणाले.

"असेल म्हणजे? किती वर्षं राहिलात तिथं?"

"तेवीस."

"तेवीस वर्षं. आणि बघितलं नाहीत." ते रागावले नव्हते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "घरी फोन लावा."

मी तिथंच उभी राहून आईला फोन लावला. "वारा?" आई म्हणाली. "पावसायात मावयतीकून येते. आनखी कुठून येनार? तुले खोली भेटली का नाही?"

मी आईचं उत्तर सांगितलं, पावसाळ्यात मावळतीकडून. त्यांनी ते एका वहीत टिपून घेतलं आणि म्हणाले, "आई बघणाऱ्या आहेत. खोली तुमची."

आतून एका बाईंचा आवाज आला, "अहो, तिला चहा तरी विचारा. का वाऱ्यावरच सोडताय?"

ते काका, आणि आतल्या त्या काकू. पुढची चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले.

काकांची सगळी नोकरी हवामानाच्या नोंदी घेण्यात गेली होती. कुठल्या कुठल्या टेकड्यांवर आणि किनाऱ्यांवर राहून, दिवसातून ठरल्या वेळी बाहेर जायचं, वारा कुठून आणि किती ते बघायचं, आणि लिहायचं. निवृत्त झाले तरी पाय थांबले नाहीत. माझ्या खोलीसमोर गच्चीच्या कोपऱ्यात एक बांबू उभा होता आणि त्याला काकूंच्या जुन्या निळ्या साडीची पट्टी बांधलेली होती. दिवसातून तीनदा काका वर येत, पट्टीकडे बघत, लिहीत आणि खाली जात. रविवारी सकाळी मी अर्धवट झोपेत असायची. दाराबाहेर चपला वाजायच्या, पट्टी फडफडायची आणि पुटपुटणं ऐकू यायचं, "ईशान्य... मंद..." तेवढ्यावर मला पुन्हा झोप लागायची. आजही कुठं नवीन ठिकाणी झोप येईनाशी झाली की मी मनातल्या मनात ते दोन शब्द म्हणून बघते.

सायकलचं वेड मला त्याच घरानं लावलं. आधी मी नुसती नोकरीवर जाण्यापुरती सायकल घेतली होती. गंगाधामचा चढ चढून हडपसरला जायचं आणि संध्याकाळी यायचं. मग एका रविवारी काकांकडे पाच-सहा सायकलवाले आले. लांब पल्ल्याची सायकल चालवणारी ही मंडळी. त्यांचा म्होरक्या चष्म्याचं दुकान चालवणारा एक हसरा गृहस्थ होता. मंडळींची एक जाडजूड वही होती. बारा तासांत कोण किती किलोमीटर गेलं, याची त्यात नोंद असे, आणि प्रत्येक नोंदीखाली साक्षीदार म्हणून काकांची सही.

साक्षीदाराचं काम असं की सायकलच्या मागं थोडं अंतर राखून गाडीत बसायचं आणि पूर्ण वेळ स्वारावर डोळा ठेवायचा. नियम तीनच होते. जिथून निघालात तिथंच परत यायचं. कुणी ढकलायचं नाही. आणि कुठल्याही वाहनाच्या मागं, त्याच्या आडोशाला, सायकल घालायची नाही. मोठ्या गाडीच्या मागं हवा फाटलेली असते, निम्म्या जोरात सायकल पळते. ती मेहनत आपली नव्हे.

"हातातल्या घड्याळावर सगळं येतंच की आता," मी एकदा म्हणाले. "साक्षीदार कशाला?"

"यंत्र अंतर सांगतं," काका म्हणाले. "आडोसा सांगत नाही."

काकांना स्वतः गाडी चालवता येत नसे. त्यांची जुनी पांढरी मोटार काकू चालवत, आणि काका शेजारी वही घेऊन बसत. गाडीत बसले की त्यांची भाषा बदलायची. घरी मला "अगं, पाणी पी गं" म्हणणारे काका खिडकीतून डोकं काढून विचारत, "आपण पाणी प्यालात का?" मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर कळलं की ते माझ्याशी नव्हे, त्या सायकलवरच्या माणसाशी बोलत. तिथं मी त्यांची भाडेकरू नव्हते, कुणाची पोर नव्हते.

एकदा एक तरणाबांड मुलगा ऐन जुलैत पुण्याहून सोलापूरला विक्रमी वेळात पोचला आणि पेढे घेऊन आला. काकांनी पेढा घेतला, वही काढली, त्या दिवसाचा वारा बघितला. पश्चिमेकडून, जोरदार. म्हणाले, "छान. वाऱ्याचंही अभिनंदन कळवा. आता सोलापूरहून पुण्याला या, म्हणजे दोघांपैकी कोण जास्त दमलं ते बघू." मुलगा चिडला. म्हणाला, मला तर वारा जाणवलाच नाही. त्यावर काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पाठीवरचा वारा कुणालाच जाणवत नाही हो. समोरचाच तेवढा जाणवतो. म्हणून तर प्रत्येकाला वाटतं, आपणच फार सोसलं."

गल्लीतल्या बायकांनी त्यांना एकदा रांगोळी स्पर्धेचे परीक्षक केलं. काकांनी सकाळी सगळ्या रांगोळ्या बघितल्या आणि म्हणाले, पूर्वेकडच्या रांगोळ्यांवर आत्ता ऊन आहे, पश्चिमेकडच्या सावलीत आहेत. संध्याकाळी उलट होईल, तेव्हा पुन्हा बघून निकाल देतो. संध्याकाळपर्यंत निम्म्या रांगोळ्यांवरून कुत्री आणि पोरं जाऊन आली होती. काकांनी जाहीर केलं, "रांगोळ्या झाल्या. स्पर्धा झाली नाही." बायका महिनाभर काकूंशी बोलल्या नाहीत. "बरं झालं," काकू म्हणाल्या. "महिनाभर दुपारची झोप झाली माझी."

अशा माणसासमोर मी काय केलं, ते आता सांगते.

बायकांमध्ये मंडळींच्या वहीत बारा तासांचं एकच अंतर होतं, तीनशे किलोमीटर. ज्या बाईंनी ते केलं त्या कधीच परगावी गेल्या होत्या. मी ठरवलं, येत्या थंडीत ते मोडायचं. वर्षभर मी दुसरा विचार केला नाही. ऑफिसात कुणी हाक मारली तरी मला आधी रस्ता दिसायचा.

मांजरीच्या फाट्यापासून सोलापूर रस्त्यानं पाटसपर्यंत जायचं आणि परत यायचं, अशा तीन फेऱ्या आणि वर जमेल तेवढं. सकाळी सहाला निघाले. उसाच्या फडांवर धुकं होतं आणि धुक्यात कुठंतरी पंप चालू होता. मागं पांढरी मोटार. दर अर्ध्या तासानं मोटारीच्या खिडकीतून काकांचा हात बाहेर यायचा. बोटांत रेशमी दोरा धरलेला असायचा. वारा बघायचे आणि हात आत जायचा. मला मागं बघायची गरज पडायची नाही, बाजूनं गाडी थोडी पुढं आली की हात दिसायचा. त्या हातावर मी वेळ मोजत होते.

दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीला निघाले तेव्हा दुपार झाली होती आणि पूर्वेचा वारा सुटला होता, सरळ तोंडावर. यवत मागं पडलं तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. कुणी बोलत नव्हतं, रस्ता बोलत नव्हता, फक्त कानांत वाऱ्याचा एकच लांब आवाज. मी मनात आकडे मांडत होते आणि ते जुळत नव्हते. या वेगानं तीनशे होत नव्हते.

तीन वाजले. हात बाहेर आला नाही.

तेवढ्यात उजवीकडून कडब्यानं भरलेला एक टेम्पो पुढं गेला. दोन माणसं उंच भरलेला, हळू, डुलत डुलत चाललेला. मी वळून बघितलं. मोटारीच्या काचेला डोकं टेकवून काका झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. काकूंच्या बाजूच्या काचेवर ऊन चमकत होतं, त्या दिसल्या नाहीत.

मी सीटवरून उठून चार पायडलं जोरात मारली आणि टेम्पोच्या मागं गेले.

वारा थांबला. कुणीतरी मागून येऊन दार लोटून घ्यावं, तसा थांबला. कानांतला आवाज गेला आणि मला माझा श्वास ऐकू आला, साखळीची बारीक किरकिर ऐकू आली. कडब्याच्या काड्या सुटून हवेत तरंगत होत्या आणि उन्हात पिवळ्याधमक दिसत होत्या. एक माझ्या बाहीवर येऊन बसली. घरी गोठ्याच्या मागं असाच वास यायचा. लहानपणी मी तिथं जाऊन झोपायची आणि आई सगळ्या गावात शोधायची. पाय आपोआप फिरत होते, जसं काही रस्ताच मला घेऊन चालला होता. खोटं सांगत नाही, ती दहा-बारा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार सुंदर मिनिटं होती. चोरी करताना असं वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौफुल्याला टेम्पो आतल्या रस्त्याला वळला. वारा पुन्हा तोंडावर आला. थोड्या वेळानं मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर आला.

सहाला मी थांबले तेव्हा तीनशे तीन झाले होते. फाट्यावर मंडळी टाळ्या वाजवत उभी होती, चष्मेवाल्यांनी हार आणला होता. मोटार थांबली. काका उतरले, वही छातीशी धरून. त्यांचा चेहरा बघून टाळ्या आपोआप कमी झाल्या.

"तीन वाजायला दोन मिनिटं कमी होती तेव्हा मी शेवटचं घड्याळ बघितलं," ते म्हणाले. "त्यानंतर मी जागा झालो तीन वाजून बावीस मिनिटांनी. मधल्या वेळात मी झोपलो होतो. त्या वेळेचं मला काही सांगता येणार नाही. सही करता येणार नाही."

चष्मेवाले म्हणाले, "काका, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. पोरगी बारा तास राबली आहे."

"म्हणून तर. तिच्या बारा तासांखाली माझी खोटी सही नको."

"मग काकू होत्या की जाग्या! गाडी चालवत होत्या. त्यांना विचारा."

"ती चालक आहे. चालकाचं लक्ष रस्त्यावर असायला हवं. साक्षीदार मी होतो." मग ते माझ्याकडे वळले. "आपली मी माफी मागतो. चूक सर्वस्वी माझी आहे."

आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले. मी रस्त्यावर बसून रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, विक्रम गेला म्हणून रडते आहे. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. काकू मोटारीला टेकून उभ्या होत्या आणि उसाच्या फडाकडे बघत होत्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

मीही बोलले नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. काकांना कुणी टाकून बोललं नाही, पण पुढच्या स्वारीआधी चष्मेवाले घरी आले आणि म्हणाले, "काका, आता तुम्ही आराम करा. आम्ही कॅमेरा बसवतोय." काका म्हणाले, "योग्य आहे." रविवारच्या चहाला त्यांच्या झोपेवर एखादा विनोद व्हायचा, मी कपात बघत बसायची. घरी मात्र काका माझी जास्तच काळजी घेऊ लागले. वर येताना एखादा पेरू आणायचे, दाराशी ठेवून जायचे. ते पेरू मला गिळवत नसत. सकाळी चपला वाजायच्या, "आग्नेय... मंद..." आणि मी डोळे मिटून पडून राहायची. झोप मात्र लागायची नाही.

महिना-दीड महिना असा काढला. मग एका सकाळी दार उघडून बाहेर आले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. टेम्पो, कडबा, चौफुला. ते पट्टीकडे बघत ऐकत होते.

"मंडळींना सांगितलंत आपण?" त्यांनी विचारलं. घराच्या गच्चीवरही ते मला 'आपण' म्हणाले.

"नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"मला सांगून काय उपयोग? मी तर झोपलो होतो."

ते खाली गेले. मी त्याच रविवारी मंडळींसमोर उभी राहिले आणि सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकजण म्हणाला, "कशाला सांगितलंस आता? नोंद झालीच नव्हती ना?" चष्मेवाले बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग उठून सरळ काकांकडे गेले. मीही मागोमाग गेले.

"काका, आमचं चुकलं," ते म्हणाले. "तुम्ही सही दिली नाहीत तेच बरोबर होतं. आता पुन्हा साक्षीला बसा."

काका हसले. "हिचं खरं बाहेर आलं म्हणून माझी झोप खोटी होत नाही. मी झोपलोच होतो. कॅमेरा बरा आहे, त्याला जेवणानंतर डुलकी येत नाही."

त्यांना घालवायला काका फाटकापर्यंत गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, "तुम्ही बघितलं होतं ना?"

काकू भाजी निवडत होत्या. "बघायला काय, समोरच तर होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुठं कुणी विचारलं?" मग देठ मोडता मोडता त्या थांबल्या. "ते आदल्या रात्री झोपलेच नव्हते गं. तुझ्यासाठी वारा बघत गच्चीवर फिरत होते. माझ्यानं उठवलं नाही. एक हॉर्न वाजवला असता तर ते जागे झाले असते आणि तूही बाजूला झाली असतीस. मीच नाही वाजवला." त्यांनी जुडी माझ्यापुढं सरकवली. "बस आता. निवड."

पुढच्या थंडीत मी पुन्हा निघाले, कॅमेऱ्यासमोर. दोनशे एक्याण्णव झाले. वहीत तेवढे लिहिले आहेत.

काका आता रविवारी रिकामे असत. एकदा पट्टीची नोंद झाल्यावर ते माझ्या दाराशी रेंगाळले आणि एकदम म्हणाले, "त्या टेम्पोच्या मागं कसं वाटलं होतं तुला?"

'तुला' म्हणाले. मी सांगितलं. वारा कसा थांबला, काड्या कशा तरंगत होत्या, गोठ्यामागचा वास. काही लपवलं नाही, छान वाटलं होतं तेही सांगितलं. ते लहान मुलासारखे ऐकत होते.

"मला काही कळत नाही त्यातलं," ते शेवटी म्हणाले. "मला सायकल येतच नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ज्या पिढीनं या शहरात पाय फुटायच्या आधी सायकल चालवली, त्या पिढीतला हा माणूस, इतक्या सायकलवाल्यांचा साक्षीदार.

"वडील शिकवत होते," ते म्हणाले. "मागून धरून पळत होते. 'धरलंय, धरलंय' म्हणत होते. मी वळून बघितलं तर ते पार लांब, फाटकाशी उभे. पडलो. हात मोडला. हाताचं काही वाटलं नाही. पण त्यानंतर बसलो नाही."

"मी शिकवू?"

"एका अटीवर. सोडताना सांगायचं."

आम्ही रोज सकाळी जवळच्या मैदानावर जायला लागलो. काकू थर्मास घेऊन कट्ट्यावर बसत. "हाडवैद्याचा नंबर घेऊन ठेवलाय," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी सीट धरून मागं पळायची. काका ताठ, हँडल घट्ट, पॅन्टच्या पायाला काकूंची केसांची रबरं लावलेली. दर पाच पावलांनी विचारायचे, "धरलंयस?" मी म्हणायची, "धरलंय." आणि धरलेलंच असायचं. कितीतरी वेळा मला कळायचं की आता सोडलं तर हे जातील. सगळे तसंच शिकतात. पण मी सोडायची नाही. असे तीन आठवडे गेले, माझी कंबर धरली.

मग एका सकाळी मैदानावर नुकतं ऊन येत होतं, पोरं क्रिकेटचे स्टंप रोवत होती. काकांचे खांदे जरा सैल पडल्यासारखे वाटले.

"काका, सोडू का?"

त्यांनी दोन पायडलं मारली, तीन मारली.

"सोड."

"सोडते आहे," मी म्हणाले, आणि हात काढून घेतले. "सोडलं!"

सायकल डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. पोरांनी स्टंप टाकून वाट दिली. काकू उभ्या राहिल्या, थर्मासचं झाकण हातात तसंच. काका उन्हातून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, मोठं वेडंवाकडं वळण घेतलं, आणि दोन्ही पाय जमिनीवर फरफटत थांबले.

मी धावत पोचले. ते धापा टाकत होते, चष्मा एका कानावर.

"ऐकू आलं ना मी सोडलं म्हणाले ते?"

"आलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. खूप वाटली." त्यांनी चष्मा नीट केला. "पण खरं सांगत होतीस. त्यामुळे पुढं काय करायचं ते माझं मला कळलं."

मग त्यांनी सायकल उलट फिरवली, सीटवर नीट बसले आणि समोर बघत म्हणाले, "पुन्हा धर."